घरच्या नॅससाठी हार्ड डिस्क घेताना

नॅसचा डबा, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला, सगळ्यांचे फोटो-फाइल एका जागी ठेवणारा डिस्कचा डबा, घ्यायचं ठरलंय, किंवा घरात येऊनही पडलाय, आणि आता त्यात डिस्क कुठली घालायची इथे गाडी अडली आहे, अशांसाठी हे लिहितोय. नेटवर्क, ॲप, सेटिंग हे सगळं नंतर सुधारता येतं. डिस्क चुकली तर पैसे जातात आणि कधीकधी फोटोही जातात.

माझ्या वडिलांना फोटोचं वेड. लग्नाच्या आधीपासूनच्या निगेटिव्हच्या पट्ट्या त्यांनी बटर पेपरमध्ये गुंडाळून, वर तारखा घालून, कपाटात जपून ठेवल्या होत्या. त्या सगळ्या मी दोन वर्षं दर रविवारी बसून स्कॅन केल्या आणि दोन डिस्कच्या नॅसवर टाकल्या. डिस्क मी विचार न करता घेतल्या होत्या, दुकानात समोर आल्या त्या. चौदा महिन्यांनी एक गेली. नवी घातली, तर जुन्या डिस्कवरून नवीवर नक्कल उतरायचं काम चार दिवसांनीही साठ टक्क्यांवरच घुटमळत होतं. घरातल्या फोनचे बॅकअप मी तेवढ्यात चालूच ठेवले होते. पाचव्या दिवशी नॅसने ती नवी डिस्कच बाद ठरवली, आणि त्याच आठवड्यात उरलेल्या जुन्या डिस्कवर खराब सेक्टर (सेक्टर म्हणजे माल साठवायचा चकतीवरचा छोटा कप्पा) दिसायला लागले, कारण पहिल्या जोडीतल्या दोन्ही एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेतलेल्या. निगेटिव्ह घरात होत्या म्हणून फोटो पुन्हा स्कॅन करता आले. आईच्या साठीच्या दिवशीचे व्हिडिओ मात्र फक्त तिथेच होते. त्यातले अर्धे गेले.

तेव्हापासून मी डिस्क घेताना एकच गोष्ट धरून चालतो: ही डिस्क एक दिवस जाणार आहे. ती गेल्यावर पुढचे दोन दिवस कसे जातील, याचा विचार करून डिस्क निवडायची. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यातूनच आल्या आहेत.

पायरी १ : आधी वही, मग दुकान

किती टीबीची डिस्क घ्यायची, हे दुकानात उभं राहून ठरवू नका. तिथे "साहेब, आठच घ्या, थोडेच पैसे जास्त" हे ऐकू येणारच. घरी बसून हिशेब करा. नमुन्यादाखल आमच्या घरचा देतो.

आजवर साठलेलं, म्हणजे लॅपटॉप, जुने पेनड्राइव्ह, दोन पोर्टेबल डिस्क मिळून: १.२ टीबी. बाबांच्या निगेटिव्हच्या दोन हजार फ्रेम, चांगल्या दर्जाने स्कॅन केल्या तर एक फ्रेम साधारण ६० एमबी, म्हणजे १२० जीबी. घरात चार फोन, प्रत्येकाचे वर्षाला तीनेक हजार फोटो, एक फोटो ४ एमबी धरला तर सगळे मिळून ४८ जीबी. व्हिडिओचा हिशेब मात्र नीट करा, कारण जागा तोच खातो. ४के व्हिडिओ फोन आणि सेटिंगप्रमाणे मिनिटाला दीडशे ते चारशे एमबी घेतो. आमच्याकडे दोघंच व्हिडिओ काढतात, प्रत्येकी आठवड्याला दहा मिनिटं, मिनिटाला २०० एमबी धरू. वर्षाला साधारण २०८ जीबी झाले. फोटो आणि व्हिडिओ मिळून वर्षाला अडीचशे जीबी. पाच वर्षांचे सव्वा टीबी.

एकूण २.६ टीबीच्या आसपास. डिस्क ऐंशी टक्क्यांच्या वर भरू नये, पुढे ती मंदावते आणि आवराआवरीला जागाच उरत नाही. म्हणजे हवी ३.२ टीबी. ४ टीबीच्या डिस्कवर कॉम्प्युटर ३.६३ टीबीच दाखवतो, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ च्या. दुकानदाराने फसवलं असं वाटून त्याच्याशी वाद घालू नका. तर आमच्या घराला ४ टीबी पुरते. लग्नाचे व्हिडिओ शूट करणारा कुणी घरात असेल, तर हा हिशेब अर्थातच वेगळा निघेल.

आठऐवजी चारची घेतल्याने जे पैसे वाचतात ते खर्च करू नका, पायरी ७ साठी राखून ठेवा. माझ्या मते या लेखातली सगळ्यात कामाची सूचना हीच आहे. पुष्कळजण मोठ्या दोन डिस्क घेतात आणि तिसरीसाठी पैसे उरत नाहीत.

पायरी २ : किती डिस्क

नवख्यांनी दोन डिस्कचा डबा आणि रेड १ घ्यावं, असं मी स्पष्ट सांगेन. रेड १ म्हणजे एका डिस्कवर जे लिहिलं तेच दुसरीवर. ४ टीबीच्या दोन घातल्या तरी जागा चारचीच मिळते, हे आधीच मनाशी पक्कं करा. अर्धी जागा वाया गेली असं पहिल्यांदा वाटतं. पण डबाच बिघडला, तर यातली एकटी डिस्कसुद्धा पूर्ण माल घेऊन बसलेली असते आणि लिनक्सच्या कॉम्प्युटरला जोडून ती बहुतेकदा वाचता येते. रेड ५ मध्ये तसं होत नाही. तिथे ४ टीबीच्या तीन डिस्कमध्ये ८ टीबी जागा मिळते, पण माल तुकड्या-तुकड्यांनी तिन्हीत विखुरलेला असतो, आणि एक गेल्यावर उरलेल्या दोन्ही डिस्क अथपासून इतिपर्यंत बिनचूक वाचल्या गेल्या तरच तिसरी पुन्हा भरते. गरज आठ-दहा टीबीच्या पुढे जाईपर्यंत त्या वाटेला जायचं कारण नाही.

पायरी ३ : कौलांची गोष्ट, म्हणजे सीएमआर की एसएमआर

इथे जरा थांबू, कारण माझी ती बदली डिस्क इथेच फसली होती.

हार्ड डिस्कमध्ये लिहिणारं टोक रुंद असतं आणि वाचणारं अरुंद. जुन्या पद्धतीत, म्हणजे सीएमआरमध्ये, चकतीवरच्या लिखाणाच्या रेघा एकमेकींच्या शेजारी, सुट्या असतात. कुठलीही एक रेघ पुसून पुन्हा लिहिता येते. मग कंपन्यांनी विचार केला की वाचायला अरुंद पट्टी पुरते, तर रेघा एकमेकींवर थोड्या चढवल्या तर तेवढ्याच चकतीवर जास्त माल मावेल. ही एसएमआर. गावाकडच्या घरावरची मंगळुरी कौलं आठवा. प्रत्येक कौल खालच्या कौलावर थोडं चढलेलं असतं. मधलं एक फुटलं तर नुसतं तेवढंच ओढून काढता येत नाही, त्याच्यावर चढलेली आधी उचलावी लागतात, मग नवं बसवून ती परत लावायची. एसएमआर डिस्कचं तसंच आहे. एक छोटा बदल करायचा तरी त्या पट्ट्यातल्या पुढच्या रेघा उचलून पुन्हा लिहाव्या लागतात.

डिस्क हे काम लपवते. आलेला माल ती आधी एका छोट्या, सुट्या रेघांच्या भागात टाकते आणि आपण वापरत नसताना सावकाश कौलांत बसवते. लॅपटॉपमध्ये, पोर्टेबल डिस्कमध्ये हे उत्तम चालतं, कारण तिथे डिस्कला निवांत वेळ मिळतो. नॅसमध्ये एक डिस्क गेल्यावर दुसरीवरून नक्कल उतरायला लागते, तेव्हा तासन् तास लिखाणच लिखाण चालू असतं आणि वर फोनचे बॅकअप येत असतात. तो छोटा भाग भरून जातो. मग डिस्क प्रत्येक लिखाणाला धापा टाकायला लागते, आणि बराच वेळ उत्तर आलं नाही की नॅस तिला मेली असं समजून बाजूला काढतो. सेकंदाला दीडशे एमबीच्या सरासरीने ४ टीबी लिहायला सीएमआर डिस्कला साडेसात तास लागतात. एसएमआरला त्याच कामाला दिवस लागू शकतात, आणि ते सगळे दिवस तुमचा माल एकाच, तेवढ्याच जुन्या डिस्कवर असतो.

नुसतं खोक्यावरचं नाव वाचून भागत नाही, हे २०२० मध्ये सगळ्या जगाला कळलं. वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' डिस्क (हे मालिकेचं नाव, लाल या अर्थाचं; वरच्या रेड १, रेड ५ शी त्याचा संबंध नाही) नॅससाठी म्हणूनच विकल्या जात होत्या. त्यातल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत, हे कंपनीने त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मान्य केलं. तोवर गिऱ्हाइकांना ते कुठे लिहून दिलेलं नव्हतं. त्यानंतर त्यांनी सीएमआर डिस्कना 'रेड प्लस' असं वेगळं नाव दिलं. म्हणून दुकानात नुसतं "रेड द्या" म्हणू नका, "रेड प्लस" म्हणा. सीगेटची 'आयर्नवुल्फ' मालिका सगळी सीएमआर आहे. तोशिबाची 'एन३००' देखील. या तिघींपैकी जी नीट वॉरंटीने आणि बऱ्या भावात मिळेल ती घ्या; यातली अमुकच चांगली म्हणून हट्ट धरायचं कारण मला कधी सापडलं नाही.

नॅसच्या डिस्कचा आणखी एक गुण खोक्यावर सहसा मोठ्या अक्षरांत नसतो. एखादा सेक्टर वाचता आला नाही तर साधी डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते, मिनिटभर किंवा जास्तही. तिचं बरोबरच आहे, तो माल दुसरीकडे कुठेच नाही असं ती समजते. नॅसची डिस्क सात सेकंदांच्या आसपास प्रयत्न सोडते आणि सांगते की हे वाचता येत नाही, जोडीदाराकडून घे. जोडीने राहायचं तर हे वळण लागतंच.

पायरी ४ : तपकीर गल्लीत, खोकं हातात घेऊन

ऑनलाइन घ्या किंवा दुकानातून, मी दुकानाच्या बाजूचा आहे. कारण साधं आहे, लेबल डोळ्यांनी वाचता येतं. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सकाळी अकराच्या सुमारास जा, संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि दुकानदारालाही तुमच्याशी बोलायला फुरसत नसते.

पहिलं वाक्य असं टाका: "दादा, नॅससाठी हवीय, सीएमआर. खोकं फोडायच्या आधी मॉडेल नंबर बघू द्या." बहुतेक जण लगेच ओळखतात की माणूस वाचून आलाय. कुणी "हीच चालते सगळीकडे" म्हणत सीसीटीव्हीची डिस्क पुढे करेल, वेस्टर्न डिजिटलची 'पर्पल' किंवा सीगेटची 'स्कायहॉक'. सोसायट्यांच्या कॅमेऱ्यांसाठी त्याच जास्त खपतात, म्हणून त्याच हाताशी असतात. त्या वाईट नाहीत, पण त्यांची घडण चोवीस तास एकसारखा व्हिडिओ लिहीत राहण्यासाठी आहे. तुम्हाला फोटो जपायचे आहेत, नॅसचीच मागा.

आता लेबल. सीगेटच्या नंबरात एस-टी, मग आकडे, मग दोन इंग्रजी अक्षरं असतात. ती व्ही-एन असतील तर आयर्नवुल्फ. डी-एम असतील तर ती घरगुती 'बाराकुडा', आणि ४ टीबीची डीएम००४ ही एसएमआर आहे. वेस्टर्न डिजिटलमध्ये २ ते ६ टीबीच्या रेड डिस्कवर शेवटची अक्षरं ई-एफ-ए-एक्स असतील तर एसएमआर, परत द्या. ई-एफ-झेड-एक्स किंवा ई-एफ-पी-एक्स असतील तर रेड प्लस, सीएमआर. हे कागदावर लिहून खिशात ठेवा, दुकानात ऐनवेळी आठवत नाही. आणि कुठल्याही मॉडेलबद्दल शंका असेल तर तिथेच उभं राहून कंपनीच्या साइटवरची तिची माहितीपत्रिका फोनवर उघडा. हल्ली तिन्ही कंपन्या सीएमआर की एसएमआर ते सांगतात.

मग सीरियल नंबर. कंपनीच्या साइटवर वॉरंटी तपासायचं पान असतं, तिथे तो टाका. भारतातली वॉरंटी आणि तिची शेवटची तारीख दिसली पाहिजे. बाहेरून आणलेल्या मालाला इथे वॉरंटी मिळत नाही, आणि भाव फार कमी असेल तर कारण बहुधा तेच असतं. रेड प्लस, आयर्नवुल्फ, एन३०० या तिन्हींना ३ वर्षांची वॉरंटी आहे. 'प्रो' मालिकांना ५ वर्षं.

प्रो घ्यावी का? वर्षाला किती माल आत-बाहेर जाईल याचा एक आकडा कंपनी देते. आयर्नवुल्फ आणि रेड प्लसला तो १८० टीबी आहे, साध्या घरगुती डिस्कला बहुधा ५५ टीबी. आता आमचा हिशेब बघा. नवा माल वर्षाला अडीचशे जीबी, म्हणजे काहीच नाही. पण नॅस महिन्यातून एकदा पूर्ण डिस्क वाचून तपासतो, ते वर्षाला ४८ टीबी झाले. साधी डिस्क इथेच काठावर येते, नॅसची आरामात राहते, आणि प्रोची घराला गरज नाही. वेगाचंही तेच. घरातलं नेटवर्क गिगाबिटचं असेल तर सेकंदाला ११०-११५ एमबीच्या वर काही जात नाही, मिनिटाला ५४०० फेऱ्यांची डिस्क त्याहून जास्त देते. ७२०० फेऱ्यांची घेतलीत तर मिळेल फक्त जास्त उष्णता आणि जास्त आवाज. वन बीएचकेमध्ये रात्री तो टकटक आवाज झोपेत कानाशी येतो.

दोन्ही डिस्क एकाच खोक्यातल्या घेऊ नका. एक या दुकानातून, दुसरी पलीकडच्या दुकानातून, किंवा एक आज आणि एक पंधरा दिवसांनी. लेबलवर बनवल्याची तारीख असते, ती वेगळी आहे ना ते बघा. एकाच घाण्यातल्या, एकाच दिवसापासून तेवढंच काम केलेल्या दोन डिस्क एकमेकींच्या मागोमाग जाण्याची भीती जास्त असते.

वापरलेल्या डिस्क स्वस्त मिळतात. नवख्यांनी त्या घेऊ नयेत, असं मी ठामपणे म्हणेन. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात उघड झालं की हजारो तास चाललेल्या सीगेटच्या डिस्कचे तासांचे आकडे शून्यावर आणून त्या नव्या म्हणून विकल्या गेल्या होत्या. डिस्कच्या आतल्या दुसऱ्या एका नोंदीतून ते पकडलं गेलं. एवढी पारख करायचा सराव होईपर्यंत सीलबंद खोकं आणि जीएसटीचं पक्कं बिल. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

आणि हो, डब्याच्या कंपनीची चालणाऱ्या डिस्कची यादी घरूनच बघून जा. सायनॉलॉजीने २०२५ मध्ये काही नव्या डब्यांसाठी दुसऱ्यांच्या डिस्कवर बंधनं घातली होती आणि त्याच वर्षी ती पुन्हा सैल केली. असे नियम बदलतात, तुमच्या मॉडेलचं पान वाचा.

पायरी ५ : घरी आणून लगेच फोटो टाकू नका

स्कूटरच्या डिकीत नुसती टाकून आणू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून सॅकमध्ये, पाठीवर आणा. घरी आल्यावर चंदेरी पिशवीतून काढताना कडेने धरा, खालच्या हिरव्या पाटीला बोट लावू नका.

नव्या डिस्कमध्ये कारखान्यातला दोष असेल तर तो बहुतेकदा सुरुवातीच्या काळातच दिसतो. दुकानातून बदलून घ्यायची मुदत संपायच्या आत तिला घाम फुटेपर्यंत काम द्यायचं. नॅसच्या स्टोरेज विभागात स्मार्ट टेस्ट असते, तिच्यात डिस्क स्वतःचीच तब्येत तपासते. आधी छोटी चालवा, ती दोनेक मिनिटांत होते. मग मोठी, ती सगळी चकती वाचते, ४ टीबीला सात-आठ तास किंवा थोडे जास्त धरा. लिनक्स येत असेल तर 'बॅडब्लॉक्स' हा प्रोग्राम चार वेगवेगळ्या नमुन्यांनी सगळी डिस्क लिहितो आणि वाचतो. डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकामी असतानाच. ४ टीबीला अडीच दिवस लागतात. मी प्रत्येक डिस्कला हे करतो. घरचे विचारतात, नुसता दिवा लुकलुकतोय, चाललंय काय? चालू द्या.

झालं की स्मार्टच्या तक्त्यात तीन ओळी बघा. ५ क्रमांकाची म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न येणारे, निकालाची वाट बघणारे सेक्टर, १९८ म्हणजे दुरुस्त न झालेले. नव्या डिस्कवर तिन्हीच्या शेवटच्या रकान्यात शून्य हवं. एक जरी वाढला तरी बिल घेऊन दुकान गाठा. १९९ वाढला असेल तर डिस्कला दोष देऊ नका, तो बहुधा वायरीचा किंवा डिस्क नीट न बसल्याचा असतो, काढून पुन्हा बसवा.

याच वेळी डिस्कवर एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डशिवाय माल वाचता येणार नाही असं कुलूप, लावून घ्या, नंतर लावायला सगळं हलवावं लागतं. डिस्क वॉरंटीत गेली तर ती कंपनीला परत द्यायची असते आणि बदली दुसरी येते. तुमचे फोटो आत असलेली डिस्क अनोळखी हातांत जाणार, ती कुलूपबंद असलेली बरी. पासवर्ड कागदावर लिहून घरातल्या आणखी एका माणसाला द्या.

पायरी ६ : जागा आणि वीज

माळ्यावर ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये पुण्यात बाहेर चाळीस अंश असतात तेव्हा माळ्यावर काय होत असेल ते तिथे पाच मिनिटं डोकं घालून बघा. बंद कपाटही नको. हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला, मागून वारा खेळता राहील अशी जागा चांगली. डिस्कचं तापमान चाळिशीच्या आत राहिलं तर उत्तम, उन्हाळ्यात पंचेचाळीसपर्यंत चालवून घ्या. शेजारी बांधकाम चालू असेल तर पंख्याच्या जाळीवरची धूळ महिन्याला ब्रशने काढा.

दोन डिस्कचा डबा साधारण २० वॅट घेतो, महिन्याला १४-१५ युनिट. बिलात फार जाणवत नाही. वीज जाण्याचं मात्र मनावर घ्या. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद हे पुणेकरांना ठाऊक आहे, पण त्याची वेळ माहीत असते. पावसाळ्यात झाड पडून जाते ती न सांगता. लिखाण चालू असताना वीज गेली तर दोन डिस्कवर वेगवेगळं लिहिलं जाऊ शकतं. छोटा यूपीएस घ्या, आणि ज्याला यूएसबीची तार असते तोच घ्या. ती तार नॅसला लावली की बॅटरी उतरायला लागताच नॅस स्वतः नीट बंद होतो.

पायरी ७ : तिसरी डिस्क, दुसऱ्या घरात

रेड १ हा बॅकअप नाही. नातवाने चुकून फोल्डर पुसलं तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसलं जातं. डबा चोरीला गेला, विजेचा लोळ आला, घरात पाणी शिरलं, तर दोन्ही एकत्रच जाणार.

पाणी म्हटल्यावर आमच्या घरात आजीचं नाव निघतंच. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ती नारायण पेठेत राहायची. तिच्या लग्नाचा एकही फोटो आमच्याकडे नाही. तो काळ गेला असं म्हणायची सोय नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने काय केलं ते सहकारनगर-अरण्येश्वरच्या लोकांना विचारा, आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडच्या एकता नगरीत तळमजल्यांवर पाणी चढलं.

म्हणून माल तीन ठिकाणी हवा, त्यातला एक घराबाहेर. पायरी १ मध्ये राखून ठेवलेले पैसे इथे वापरा. साधी ४ टीबीची यूएसबी पोर्टेबल डिस्क पुरते. ती बहुधा एसएमआर असेल, आणि इथे ते अगदी चालतं. महिन्यातून एकदा नॅसला जोडायची, बॅकअप रात्रभर सावकाश होऊ द्यायचा, आणि परत पाठवायची. आमची कोथरूडला आत्याकडे तिसऱ्या मजल्यावर, साड्यांच्या कपाटात असते. आत्याला एकदा नीट समजावून सांगितलं, तेव्हापासून तिच महिनाअखेरीला फोन करते, "अरे, तुझी डबी न्यायची नाही का?" हीसुद्धा एन्क्रिप्ट करा. आणि वर्षातून दोनदा तरी तिच्यावरून एखादा जुना फोटो परत उघडून बघा. परत न उघडून पाहिलेला बॅकअप आहे की नाही हे सांगता येत नाही.

पायरी ८ : एक डिस्क स्वतःच ओढून काढा

खरे फोटो टाकायच्या आधी हे करायचं. दोन-तीनशे चाचणीच्या फाइल टाका, डबा चालू असताना हळूच एक डिस्क बाहेर काढा. (डबा चालू असताना डिस्क काढायला परवानगी देतो ना, ते त्याच्या पुस्तिकेत बघा, नसेल तर बंद करून काढा.) भोंगा वाजेल. फोनवर किंवा ईमेलवर सूचना आली का? नाही आली तर ती सेटिंग आत्ताच दुरुस्त करा, कारण खरी डिस्क जाईल तेव्हा तुम्ही कोकणात असाल. फाइल उघडतात का बघा. मग डिस्क परत घाला, नक्कल उतरायला किती वेळ लागतो तो लिहून ठेवा. खऱ्या वेळी फोनचे बॅकअप बंद ठेवायचे, हेही त्याच कागदावर.

प्रत्येक कप्प्यावर छोटा कागद चिकटवा: सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे, घेतल्याची तारीख, वॉरंटी कधी संपते. घाईत चांगली डिस्क काढून खराब आत ठेवल्याची उदाहरणं मी दोन घरांत पाहिली आहेत.

मग दर महिन्याच्या एक तारखेला पाच मिनिटं. त्या तीन ओळी, तापमान, बस. ५ क्रमांकाचा आकडा एकदाच थोडा वाढून थांबला तर लक्ष ठेवा, दर आठवड्याला वाढत असेल तर बदली आणा. १९७ शून्यावरून हलला आणि मोठी टेस्ट चालवूनही परत शून्यावर आला नाही, तर त्याच दिवशी आधी आत्याकडून ती डिस्क आणून बॅकअप पुरा करा, आणि मगच तपकीर गल्लीला निघा.